डबी

माझ्या घराला पूर्वी नुसतं तोंड होतं; आता 'एलिव्हेशन' आहे.

पुण्याच्या साडूच्या बंगल्याला लाकडासारख्या दिसणाऱ्या पीव्हीसी पट्ट्या आहेत, म्हणून खामगावातल्या माझ्या विटांच्या भिंतीलाही त्या लागल्या. साडूकडे काय आहे, यावर माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय झालेले आहेत. पट्ट्या लागल्या की त्यांच्यावर उजेड हवा. वर आणि खाली झोत टाकणारे दोन दिवे आणले. दिव्याची पाठ सपाट आणि पट्ट्या खाचाखाचांच्या. भिंतीला टेकवला की दिवा बाजेवर ठेवलेल्या परातीसारखा डुगडुगायचा.

वायरमन पोरगा म्हणाला, "सर, याले मांगून डबी लागते."

सर म्हणाला, कारण मी 31 वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि त्यातलं एक वर्ष तो शेवटच्या बाकावर होता. डबी म्हणजे मला कुंकवाची ठाऊक, चुन्याची ठाऊक. दुकानदारानं मात्र विचारलं, भिंतीतली का भिंतीवरची? लोखंडाची का पीव्हीसीची? उथळ का खोल? वायरी किती? छज्ज्याखाली का उघड्यावर? मुलीचं स्थळ पाहताना मी इतकं विचारलं नव्हतं.

एका डबीवर 'आयपी 65' होतं. मी चष्मा सावरला आणि दुकानातल्या तिन्ही गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की यातला 6 धुळीचा, म्हणजे कण आत शिरणार नाही. आणि 5 पाण्याचा, कुठल्याही बाजूनं फवारा मारा. गिऱ्हाइकं प्रभावित झाली. मग दुकानदारानं किंमत सांगितली आणि माझ्या मनात एक वेगळाच शास्त्रीय प्रश्न उभा राहिला : यंदा पाऊस तरी कितीसा होणार?

इथं भेंडवळबद्दल बोलणं भाग आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार 18 धान्यं. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, भजी, वडा, करंजी, सांडोळी. पानविडा म्हणजे राजा. पुरी म्हणजे पृथ्वी. आणि ती तळलेली असते, हे आमच्या घाटाखालच्या उन्हाळ्याला धरूनच आहे. रात्रभर तिकडं कुणी फिरकत नाही. पहाटे पाहायचं, कुठलं धान्य कुठं सरकलं, कुठलं ढेकूळ किती भिजलं. जून कोरडा, ऑगस्ट चिंब, विडा जागेवर तर राजा जागेवर. या प्रकारावर मी वर्गात दरवर्षी एक अख्खा तास घ्यायचो. निरीक्षण, अनुमान, पडताळा, सगळं फळ्यावर. पोरं माना डोलवायची. आणि दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शेजाऱ्याच्या ओट्यावर चहा प्यायला जायचो, कारण त्याचा मेहुणा तिकडचा. "काय म्हणते मांडणी?" हे मी थट्टेनं विचारतो, असा माझा समज होता.

यंदा शेजारी म्हणाला होता, पहिलं ढेकूळ कोरडंच हाये म्हणतात बापा.

मी उथळ, लोखंडी, बिनरबराची डबी घेतली. चाळीस रुपये वाचले.

पोरानं शिडी लावली. खालून मी मार्गदर्शन करत होतो. त्यानं विचारलं, "सर, अर्थिंगची वायर कुठं हाये?" मी म्हटलं, अरे दिवाच तर आहे, गिझर थोडाच आहे! तो काही बोलला नाही. उथळ डबीत त्यानं वायरी कोंबल्या, दिवा दाबून धरून स्क्रू आवळले. मला ऐट दाखवायची घाई, म्हणून मी आत जाऊन बटण दाबलं. दिवा लागला. वाकडा वाटला म्हणून त्यानं तो सरळ करायला हात लावला.

आवाज काहीच झाला नाही. पेचकस तुळशीत पडला, एवढंच. तो शिडीला कोपर अडकवून तसाच टेकून राहिला, डोळे मिटून. स्क्रूच्या टोकानं वायर सोलली होती; दिव्याचं सगळं ॲल्युमिनियमचं अंग जिवंत झालं होतं.

खाली उतरून तो म्हणाला, "झिणझिणी आली, सर. काई नाई." मग हसून म्हणाला, "अर्थिंगच्या आकृतीत मी तिसरी तार काढली नव्हती, तं तुमी एक मार्क कापला होता."

त्याच्या लक्षात होतं. माझ्या नव्हतं. मी पाणी आणायला आत गेलो आणि माठापाशी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. त्याच्या आईला मी ओळखतो.

दुसऱ्या दिवशी महागातली आली. पीव्हीसीची, खोल, रबराची. या वेळी मार्गदर्शन त्यानं केलं. डबी पट्टीवर बसवायची नाही; ऊन लागलं की पट्टी फुगते, सरकते. पट्टीला भोक पाडून मागच्या विटेत गिट्टी ठोकायची आणि डबी तिथं आवळायची. वायर खालून घ्यायची, तीही जरा झोळ देऊन, म्हणजे थेंब झोळावरूनच गळतो. सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना. खाली नाही.

"खाली कायले सोडतो? पाणी जाईल ना!"

"जाईल नाई सर, निंगेल."

दिवा तापतो, पाऊस पडला की एकदम निवतो, आतली हवा आकसते आणि ओल ओढून घेते. ती बाहेर पडायला वाट लागते. वायूंचे नियम. मीच शिकवलेले. आणि डबीत दाखवत, मुद्दाम माझ्याकडे न बघता, त्यानं हिरवी वायर आवळली.

जूनच्या सातव्या दिवशीच मुसळधार पाऊस आला. रात्री साडेनऊला सगळ्या गल्लीची लाइट गेली. मी एका हातात छत्री, दुसऱ्यात बॅटरी घेऊन बाहेर गेलो आणि मान वर करून डबीच्या बुडाशी बघत बसलो. मांडणीवाला शेजारी खिडकीतून ओरडला, "सर, लाइट तं गेली ना? मंग काय पाहून रायले?"

"ढेकूळ," मी म्हटलं.