लाकडी वन रूम किचन

मुलाकडे अमेरिकेत आलेल्या आईबापांना नायगारा आणि डिस्ने दाखवून झालं की पोरांची यादी संपते. मग एखाद्या शनिवारी ‘काहीतरी जुनं’ दाखवायला नेतात. मुलगा डॅलसजवळ राहत असल्यामुळे आमच्या वाट्याला फोर्ट वर्थचं लॉग केबिन व्हिलेज आलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टेक्सासच्या सरहद्दीवर वस्ती करायला आलेल्यांची ही ओंडक्यांची घरं ठिकठिकाणाहून उचलून इथे आणली आणि १९६६ मध्ये लोकांना खुली केली. घर हलवायचं तंत्र सोपं: ओंडक्यांना नंबर घालायचे, घर सुटं करायचं, नव्या जागी त्याच क्रमाने रचायचं. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास कधीचा ‘प्रस्तावित’ आहे. कमिटीला इथे सहलीला आणलं पाहिजे.

कोपऱ्यात ओंडक्यांना अशा तिरप्या खाचा, की एकात एक घट्ट बसून पावसाचं पाणी बाहेर ओघळावं. फटींत चिखल लिंपलेला. मी या कारागिरीवर खूश. हिने फटीला बोट लावून ‘ढेकूण होत असणार’ असा निकाल दिला. अशा घरात एकाच खोलीत निजायचं, शिजवायचं, सूत कातायचं आणि डझनभर पोरं वाढवायची. ‘‘लाकडं नवऱ्याने एकदाच तोडली,’’ ही म्हणाली, ‘‘चूल बायकोलाच रोज पेटवायची.’’

एक घर आयझॅक पार्करचं. त्याची पुतणी सिंथिया ॲन हिला १८३६ मध्ये, लहानपणीच, कोमँची या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी पळवून नेलं. ती तिथेच वाढली, तिथेच संसार मांडला. १८६० मध्ये टेक्सास रेंजर्सच्या पथकाने तिला ‘सोडवलं’ आणि काकाने घरी आणलं. ती मात्र पुन्हा कोमँचींकडे पळून जायला बघे. तिचे दोन मुलगे तिकडेच राहिले होते. त्या घरात आम्ही कुणी काही बोललो नाही. हीसुद्धा.

पुढच्या घरात जुन्या पद्धतीचा झगा घातलेली एक बाई चुलीपाशी माहिती देत होती. तीन पायांचं बिडाचं भांडं, खाली निखारे, काठाच्या झाकणावरही निखारे, आत मक्याची भाकर. ‘‘अगं, हे तर धोंडस!’’ ही ओरडली. काकडी किसायची, रवा भाजायचा, गूळ घालायचा, वर-खाली निखारे. मुलगा भाषांतर करून घामाघूम. काकडीचा केक ऐकून त्या बाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मी गंभीरपणे मान हलवली. मग दोघींचं झाकण उचलून सुरी खुपसून पाहण्यावर एकमत झालं.

एव्हाना मागे माणसं जमली होती. हिची साडी हाही इथलाच पोशाख समजून एका कुटुंबाने फोटोची विनंती केली. हिने पदर खोचून पोज दिली आणि त्यांना चूल कशी सारवायची, तेही सांगून टाकलं.