पीपीटी आहे तशीच ठेवणेबाबत

प्रति,
मा. सादरकर्ते महोदय,
उद्या सकाळी ११ वाजता, सभागृह क्र. २

विषय : आपली ६४ स्लाइडची पीपीटी आहे तशीच ठेवणेबाबत

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून मागील तीन रांगांतील श्रोतृवर्ग सविनय कळवतो की, आपल्या पीपीटीत सुधारणा करावी असा सल्ला काही तरुण सहकारी देत असल्याचे कानावर आले आहे. त्याकडे आपण साफ दुर्लक्ष करावे. पहिल्या स्लाइडवर फुलांच्या चौकटीतले ‘सुस्वागतम्’, शेवटच्या स्लाइडवर भल्यामोठ्या प्रश्नचिन्हाला टेकून उभा असलेला पांढरा गुळगुळीत माणूस आणि मधल्या बासष्ट स्लाइडवर जे काही असेल ते, यातले काहीही हलवू नये. दिवे मालवल्यानंतरची ती चाळीस मिनिटे हीच या कार्यालयातील कित्येकांची आठवड्यातली एकमेव हक्काची विश्रांती आहे.

आपण श्रोत्यांकडे पाठ करून पडदा वाचता, याबद्दलही तक्रार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत असे दिसले की, चित्र आणि निवेदन चालू असताना तेच निवेदन अक्षरांतही दाखवले, तर शिकणाऱ्यांना कमी कळते. डोळे आणि कान एकाच मजकुरामागे धावतात आणि वाचन बोलण्याच्या पुढे निघून जाते. पण मेयर शिकणाऱ्यांबद्दल बोलत होते. येथे शिकायला कोण आले आहे?

एक्सेलची चौदा रकान्यांची तक्ता-स्लाइड तर जिवापाड जपावी. ती पडद्यावर आली की आपण दर वेळी म्हणता, “हे जरा बारीक झालंय, मागच्यांना दिसत नसेल, तरी मी सांगतो.” मागच्यांना खरोखरच दिसत नाही. देवनागरी अक्षर इंग्रजीच्या मानाने जास्त जागा मागते. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या टेम्प्लेटमध्ये मराठी ओतले आणि ओळी जवळजवळ ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. त्यात मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल आणि सभागृहातल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर ‘जिल्हा नियोजन’च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे अवतरतात. गेल्या बैठकीत ती स्लाइड आपण न अडखळता वाचून दाखवलीत. मजकूर पाठ असल्याशिवाय हे जमत नाही, आणि पाठ होता तर पडद्यावर कशासाठी होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आता मुद्द्याचे.

आपल्या टीकाकारांना वाटते की ही पीपीटी गचाळ आहे. श्रोतृवर्गाचे मत निराळे आहे. ती सावध आहे. समजा, स्लाइडचे शीर्षक आहे ‘पाणीपुरवठा : सद्यस्थिती’. खाली सात बुलेट : टाकीचे काम प्रगतिपथावर, जनजागृती सुरू, पाठपुरावा चालू, आवश्यक ती कार्यवाही, वगैरे. यातल्या एकाही ओळीला कर्ता नाही, तारीख नाही, रक्कम नाही. बुलेटची खरी खुबी हीच की तिला क्रियापदाची सक्ती नसते. अर्धवट वाक्य लिहिले तरी चालते, आणि अर्धवट वाक्य खोटे ठरत नाही. याच स्लाइडवर कोणी शीर्षकात लिहिले, ‘एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीन गावांची टाकी कोरडी पडेल’, तर पुढच्याच क्षणी साहेब विचारतील, “मग टँकरचा प्रस्ताव कोणाकडे अडलाय?” सभागृहातली कोणती मान खाली जाईल, ते सर्वांना ठाऊक आहे. ‘सद्यस्थिती’ या शीर्षकाने ती मान वाचवली आहे.

पॉवरपॉइंट रचणाऱ्यांना हे एवढे लांबचे दिसले नसावे. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या कंपनीत ते घडवले, १९८७ साली मॅकिंटॉशवर आणले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर देऊन ती कंपनी घेतली. सुरुवातीचे काम होते ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापण्याचे. पुढे त्यात एक ‘विझार्ड’ आला. विषय सांगितला की तो बुलेटसकट सांगाडा काढून द्यायचा. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी गंमत म्हणून अब्राहम लिंकन यांचे १८६३ चे गेटिसबर्गचे भाषण त्यात घातले. जेमतेम पावणेतीनशे शब्दांच्या त्या भाषणाची कार्यक्रमपत्रिका झाली, उद्दिष्टे झाली, आणि सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी जन्मलेल्या राष्ट्राचा दोन खांबांचा आलेखही झाला. लोक पोट धरून हसले. आपण हसू नये. ती पीपीटी आपल्यापेक्षा नीटनेटकी होती.

दुसरे उदाहरण हसण्याचे नाही, आणि सावधपणाची किंमत त्यात दिसते.

१६ जानेवारी २००३ रोजी नासाचे कोलंबिया अवकाशयान उडाले. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात फिरत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी आघाताचा हिशेब मांडला आणि तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर ठेवला. त्यातली एक स्लाइड माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी पुढे ओळ न् ओळ उसवून दाखवली. तिचे शीर्षक दिलासा देणारे होते : उष्णतारोधक फरशा भेदल्या जाण्याचे अंदाज चाचण्यांच्या मानाने सावध बाजूला झुकलेले आहेत, अशा अर्थाचे. खाली पायरी-पायरीने आत सरकत जाणारे मुद्दे. ‘सिग्निफिकंट’ किंवा ‘सिग्निफिकंटली’ हा शब्द पाच वेळा, पण किती म्हणजे सिग्निफिकंट, ते गुलदस्त्यात. घन इंच हे एकच एकक तीन तऱ्हांनी लिहिलेले. आणि अगदी तळाशी, सर्वांत खालच्या पायरीवर, एक ओळ : चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, इथला अंदाज १,९२० घन इंचांचा.

म्हणजे ६४० पट. एकीकडे पन्नास मिलिलिटरही नाही, दुसरीकडे सुमारे साडेएकतीस लिटर. ज्या चाचण्यांच्या जोरावर शीर्षक दिलासा देत होते, त्या चाचण्या या आघाताला लागूच पडत नव्हत्या. स्लाइड खोटे बोलत नव्हती. सगळे तिच्यावर होते, फक्त ज्या ओळीवर निर्णय व्हायचा ती तळाला होती आणि उलटे सांगणारी ओळ माथ्यावर.

१ फेब्रुवारीला परतताना यान टेक्सासच्या आकाशात फुटले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. स्लाइडमुळे यान पडले असे चौकशी मंडळाने म्हटलेले नाही. आघात फोमचा होता, आणि फोम निखळण्याची सवय झालेली संस्था त्यामागे होती. पण ऑगस्ट २००३ च्या अहवालात मंडळाने टफ्टी यांचे हे विश्लेषण मुद्दाम छापले आणि तांत्रिक टिपणांची जागा पॉवरपॉइंटने घेणे हे नासातल्या सदोष संवादाचे लक्षण असल्याचे नोंदवले.

आपल्या कार्यालयात याने उडत नाहीत, हे श्रोतृवर्गाला मान्य आहे. पूल, टाक्या, औषधसाठा आणि शाळांची छते मात्र इथल्याच स्लाइडवरून मंजूर होतात.

तरीही आपण त्या तरुणांचे ऐकायचे ठरवलेच, तर नाइलाजाने काही गोष्टी सुचवाव्या लागतील. रंगसंगती आणि अ‍ॅनिमेशन यांच्या नादी लागू नये. घिरट्या घालत येणारा बाण गेला तरी पुरे. पेन स्टेट विद्यापीठात अभियंत्यांना मांडणी शिकवणारे मायकेल अ‍ॅली यांचा आग्रह असा की, शीर्षकात विषयाचे नाव न लिहिता म्हणणे लिहावे, कर्ता-क्रियापदासह पूर्ण वाक्यात, आणि खाली बुलेटऐवजी त्याचा पुरावा ठेवावा : एक आलेख, एक नकाशा, एक फोटो. पाण्याच्या स्लाइडवर तीन गावांचा नकाशा आणि टाकीच्या पातळीची उतरती रेघ एवढेच राहील. चौदा रकान्यांतले बारा आपोआप गळतील, कारण शीर्षकातल्या वाक्याशी त्यांचा संबंध नसेल. ज्या स्लाइडला असे वाक्यच सुचत नाही, ती काढून टाकावी. श्रोतृवर्गाच्या अंदाजाने आपल्याकडे नऊ-दहा उरतील.

फॉन्टची चिंता नको. ‘मंगल’ अनेक विंडोज संगणकांवर असतो, तो र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराने घडवला. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फुकट मिळतो. अक्षर मोठे, ओळींत अंतर ऐसपैस, आणि आदल्या संध्याकाळी सभागृहात जाऊन शेवटच्या खुर्चीवरून एकदा वाचून बघणे, एवढ्याने काम भागते.

आणि तो तक्ता? तो कागदावर द्यावा. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकले. त्याऐवजी सलग गद्यातले टिपण आले, फार तर सहा पानांचे, आणि बैठकीच्या आरंभी सगळे गप्प बसून ते वाचतात. सलग वाक्यात ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ लिहावे लागते, आणि तिथे विचारातली भोके उघडी पडतात. बुलेटमध्ये ती दिसत नाहीत. ज्याला आकडे हवेत त्याने ते कागदावर वाचावेत. पडद्यावर फक्त ते राहावे जे सगळ्यांनी एकाच वेळी बघायचे आहे.

हे सारे केल्यास श्रोत्यांची झोप मोडेल, आपणास प्रश्न विचारले जातील आणि बैठक वीस मिनिटांत आटोपून चहा थंडगार व्हायची संधी हुकेल, याची पूर्वसूचना देणे श्रोतृवर्ग आपले कर्तव्य समजतो.

कळावे,
आपला नम्र,
श्रोतृवर्ग (मागील तीन रांगा)

ता. क. : टँकरच्या प्रस्तावाचे टिपण आज संध्याकाळपर्यंत पाठवता आले तर पाठवावे. उद्या अकराच्या आत ते वाचून येण्याची जबाबदारी खाली सही करणाऱ्या सर्वांची.