आजोबांनी विचारलं, सुपारी कितीची?

अहो, ऐकलंत का? या की जरा कुंपणापाशी, मोठ्यानं नको बोलायला. आपल्या कोपऱ्यावरच्या वहिनींचा धाकटा हो, पुण्याला इंजिनिअरिंगला आहे तो. सुट्टीला आलाय नारायणगावात, पण बाप टोमॅटोच्या मार्केटात उन्हात उभा आणि हा दार लावून कीबोर्ड बडवतोय. काय तर म्हणे, कॉमिकला चाली लावतोय! चित्रं बघायची की ऐकायची, तुम्हीच सांगा.

ते हो, 'होमस्टक'. अमेरिकेतल्या अँड्र्यू हसीचं. १३ एप्रिल २००९ ला नेटवर सुरू केलं, सात वर्षांनी त्याच तारखेला संपवलं, पानं आठ हजारांच्या वर! त्यातली पोरंच वाजवणारी, जॉन पियानो, रोझ व्हायोलिन... मग वाचणाऱ्यांचे हात शिवशिवणारच. चाहत्यांनी चाली करून पाठवल्या, हसीनं त्यातल्या कितीकांना टीममध्येच घेतलं. जे राहिले त्यांनी आपापले अल्बम काढले. टीममधल्या सुरुवातीच्या एकाचं बिनसलं, तर त्याचं संगीत काढून दुसरं घातलं, बोला! तमाशाचे फड फुटतात ते काय आपल्याकडेच?

तर काय सांगत होते... हां, आजोबा. वहिनींचे सासरे, फडात ढोलकीवर होते ना. वहिनींना वाटलं, आता म्हातारा पोराला सोलणार. तर ते म्हणाले, "पिक्चरच्या चालीवर आम्ही काय कमी गाणी बांधली? कुणाला विचारत होतो?" वहिनींचा चेहरा बघायला हवा होता, एवढासा!

पोराला मग जोरच चढला. टोबी फॉक्स म्हणून एक, तोही याच टीममधला. त्याची 'मेगालोव्हेनिया' म्हणून चाल. आधी त्यानंच फिरवलेल्या एका जुन्या गेमला लावली, मग होमस्टकमध्ये आली, मग २०१५ साली त्याच्या स्वतःच्या 'अंडरटेल' गेममध्ये. आणि जानेवारी २०२२ मध्ये, अहो, थेट व्हॅटिकनला! सर्कसवाल्यांनी पोप फ्रान्सिस यांच्यापुढे कसरती केल्या त्या याच चालीवर. एकच साडी चार लग्नांत मिरवावी तसं झालं की हो!

सगळे गार. वहिनींचे हे तर चहाचा कप हातात धरून तसेच. आजोबांनी मात्र पान जुळवत विचारलं, "सुपारी कितीची घेतोस रे तू?"

"आजोबा, हे फुकट असतं. आवडीनं करायचं."

आता बापाचा चेहरा पडला. आजोबा म्हणाले, "मग पाडव्याला फडवाल्यांच्या रांगेत टाक एक राहुटी. फुकट म्हटल्यावर गावं येतील."