बनवाबनवीचा सातबारा

जुना चित्रपट नव्याने काढला की मराठी माणसाचा निकाल तयारच असतो: जुन्याची सर नाही. पोस्टर भिंतीवर चढायच्या आधीच तो लागतो आणि बहुतेक वेळा बरोबरही ठरतो, ही त्यातली खरी पंचाईत.

२००९ साली 'पेइंग गेस्ट्स' नावाचा हिंदी चित्रपट आला तेव्हा आमच्या शेजारचे काका असेच पेटले होते. 'अशी ही बनवाबनवी'वरून घेतलाय म्हणजे काय! काही लाजलज्जा? कुणीतरी त्यांना हळूच सांगितलं, की काका, आपली बनवाबनवीसुद्धा हिंदीवरूनच आलेली आहे. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', १९६६ सालचा. काका क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे हे लोक तेव्हापासूनच आपला पिक्चर ढापायच्या मागे होते तर!"

बनवाबनवी, म्हणजे भाड्याचं घर मिळावं म्हणून चार मित्रांपैकी दोघांनी बायका व्हायची गोष्ट, पडद्यावर आली १९८८ मध्ये. बावीस वर्षं आधी केलेली चोरी पकडायला काकांचीच नजर हवी.

पण काकांना हसून भागत नाही, कारण आतून आपलंही मत तेच असतं. 'बीवी और मकान' हृषीदांचा, संगीत हेमंतकुमारांचं, गाणी गुलजारांची, पडद्यावर विश्वजित आणि मेहमूद. एवढी मोठी नावं असूनही आज तो शोधून बघावा लागतो. बघताना गंमत अशी होते, की विश्वजित साडी नेसून आला की आपण मनात म्हणतो, 'अरे, हा सचिनच्या सुधाची नक्कल करतोय!' मुळाला नकलेचा दर्जा देऊन आपण मोकळे. शिवाय मूळ म्हणावं तर तेही मूळ नाही. हीच कथा बंगालीत १९५५ सालीच 'जय माँ काली बोर्डिंग' म्हणून येऊन गेली होती.

मग सातबारा कुणाच्या नावावर लावायचा? माझं मत विचाराल तर कूळकायदा लावावा. कसेल त्याची जमीन. आपल्याकडे कुळं ज्या दिवसापासून कायद्याने मालक ठरली, तो दिवस होता १ एप्रिल १९५७. बनवाबनवीचा खटला चालवायला याहून योग्य तारीख पंचांगात सापडायची नाही.

आणि ही जमीन कसली ती वसंत सबनीसांनी. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारा माणूस. लोकनाट्यात मुरलेल्या लेखकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: गोष्ट कुठली का असेना, बोलणारी माणसं इथली पाहिजेत. त्यांनी हिंदीतला सांगाडा उचलला आणि त्यात सदाशिव पेठेला शोभेल असा विश्वास सरपोतदार नावाचा घरमालक बसवला. हा सरपोतदार नसता तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं. सुधीर जोशींनी त्याला खलनायक केलेला नाही. तो फक्त हिशेबी आहे, संशयी आहे आणि आपलं घर आपलं आहे हे क्षणभरही विसरत नाही. मधुमेहावरचं इस्रायलचं औषध, त्यापायी गेलेले सत्तर रुपये आणि ते सत्तर रुपये 'वारले' हे अशोक सराफांनी सुतकी चेहऱ्याने कळवणं, हा प्रसंग कुठल्याही भाषेत नेता येईल. 'वारले' कसं नेणार? रुपये बुडतात, खर्च होतात, गहाळ होतात. वारतात फक्त मराठीत, तेही धनंजय मानेच्या तोंडून. आजही आमच्याकडे उसने पैसे परत न आल्याची बातमी याच शब्दात सांगतात आणि ऐकणारा रागवायच्या ऐवजी हसतो. उसनं घेणाऱ्यांची केवढी सोय झाली आहे!

साडीचंही तसंच. बालगंधर्वांचा शालू बघून ज्या प्रांतातल्या बायका आपली नेसण सुधारत, तिथे पुरुषाने साडी नेसली एवढ्यावर कोण हसणार? सचिनची सुधा नीटस आहे, जवळजवळ संगीत नाटकाच्या घरातली. तिच्याशेजारी परशाची, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंची, पार्वती उभी केली की मग मजा. एक जण बाई होण्यात जीव ओततो, दुसऱ्याला ते साफ जमत नाही आणि नव्या घराची मालकीण लीलाबाई काळभोर दोघींवर सारखंच प्रेम करते.

'पेइंग गेस्ट्स'ने हीच मंडळी थायलंडला नेली. श्रेयस तळपदे, जावेद जाफरी, घरमालक जॉनी लीवर. विनोद कुणाला येत नाही असं म्हणायची सोय नाही. पण समुद्र, ऊन, रंगीत शर्ट, दिसेल तिकडे हॉटेलं! तिथे चौघांना राहायला जागा मिळत नाही यावर विश्वास कसा बसावा? पुण्यात तो लगेच बसतो. विनोदाला अडचण खरी लागते, परदेशातलं चित्रीकरण नाही.

हा दोष नव्याने काढण्याचा आहे असंही नाही. हीच कथा तेलुगूत 'चित्रम् भळारे विचित्रम्' झाली, कन्नडमध्ये गेली, पंजाबीत २०१४ साली 'मिस्टर अँड मिसेस ४२०' म्हणून चालली आणि तिचा दुसरा भागही निघाला. २०१७ मध्ये 'जिओ पागला' होऊन ती पुन्हा बंगालीत पोचली. हैदराबादेतही एखादे काका असतीलच, आणि मराठीवाल्यांनी आपला पिक्चर ढापला म्हणून त्यांचा आवाज चढत असेल. त्यांना कोण समजावणार? आमचे काका तर नक्कीच नाहीत.

खरं सांगायचं तर बनवाबनवी आज पुण्यातच पुन्हा काढायला हरकत नाही. एजंट अजूनही पहिला प्रश्न 'फॅमिली की बॅचलर' हाच विचारतो. भर पडली आहे ती सोसायटीच्या कमिटीची, गेटवरच्या ॲपची आणि जिन्यातल्या कॅमेऱ्याची. पार्वतीला आता आधार कार्ड लागेल, भाडेकरारासाठी अंगठ्याचा ठसा लागेल आणि पोलीस पडताळणीचा फॉर्म भरताना परशा नवऱ्याच्या रकान्यात कुणाचं नाव घालेल, एवढ्यावर अर्धा तास सहज निघतो. सबनीसांच्या तोडीचा लेखक मिळाला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाईन. काकांनाही नेईन. ते मध्यंतरातच निकाल देतील, पण उठून जायचे नाहीत.