क्लच लिव्हर यांस सप्तांग नमस्कार

रा. रा. क्लच लिव्हर यांस,
मु. पो. डावं हँडल, माझी मोटरसायकल, वारजे, पुणे.

कृ. सा. न. वि. वि.

यातलं ‘सा.’ लिहिताना जरा अडखळलो. साष्टांग नमस्काराला आठ अंगं लागतात आणि माझा डावा हात अजून जमिनीला टेकायला कचरतो. तेव्हा उरलेल्या सात अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. पत्र उजव्या हाताने लिहिलं आहे, त्यामुळे अक्षराबद्दल तक्रार नसावी.

गेली अकरा वर्षं माझी समजूत होती, की आपण माझ्या सेवेत आहात. मागच्या पावसाळ्यात कळलं, की सेवेकरी मी आहे. सकाळी वारज्याहून निघायचं, चांदणी चौक, बाणेर, बालेवाडी करत वाकडच्या पुलाखाली शरण जायचं आणि हिंजवडीत कामाला लागायचं. एवढ्या वाटेत आपल्याला किती मुजरे घडतात, ते एकदा मोजायला घेतलं. दोनशेच्या पुढे आकडा विसरलो, तेव्हा वाकडचा पूल अजून दिसायचा होता. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्र उलटल्यावर स्फोटकांनी पाडला, तेव्हा मी टीव्हीसमोर जागा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. वाटलं, आता आपल्या गाठीभेटी कमी होतील. पुढच्या ऑगस्टात नवा उड्डाणपूल सुरू झाला आणि मी पुढच्या चौकात लवकर पोचून अडकू लागलो.

त्या टाळ्या शेवटच्याच ठरल्या म्हणायच्या. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो, द्रुत लय रंगली, सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला आणि मी मात्र उजव्या हाताने मांडीवर थाप मारत बसलो. एका हाताने टाळी वाजत नाही, हे लहानपणापासून ऐकत होतो. आपण ते प्रयोगाने सिद्ध केलंत. पूर्वी ज्याला मी डाव्या हाताचा खेळ म्हणायचो, ती सगळी कामं आपण पराक्रमाच्या यादीत नेऊन ठेवलीत. लोणच्याच्या बरणीचं झाकण, मनगटाची बटणं, दुधाची पिशवी. अंगठ्याच्या मुळाशी एक कळ यायची आणि ती कोपरापर्यंत जाऊन निवांत बसायची, पाहुण्यासारखी.

आमच्याकडे दुखण्याला औषध मिळायला वेळ लागतो, सल्ला मात्र लगेच मिळतो. आईने निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेक दिला. त्याने बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊपर्यंत. सोसायटीतल्या काकांचं निदान होतं, की आजकालच्या पोरांच्या पंजात दम नाही. मी बेचाळीस वर्षांचा पोर. त्यांनी पंजा कमवायची स्प्रिंग आणून दिली. म्हणजे दिवसभर आपल्याला दाबायचं आणि संध्याकाळी सोफ्यावर बसून आपल्या धाकट्या भावाला दाबायचं! तीन आठवडे हे व्रत केलं. पंजा कमावला की नाही ते ठाऊक नाही. दुखणं मात्र चांगलंच कमावलं. बाबांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, की आम्ही वीस वर्षं चेतक चालवली, तिला क्लचही डाव्या हाताला आणि गिअरही डाव्या हातानेच पिळायचे, तरी आमचं मनगट कधी बोललं नाही. बाबांचं मनगट बोललं असतं तरी त्यांनी त्याला मध्ये बोलू दिलं नसतं, हा भाग वेगळा.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. हात दाखवून अवलक्षण होणार अशी भीती होती, पण बाई हुशार निघाल्या. पहिला प्रश्न, मुंग्या येतात का, आणि आल्या तर कुठल्या बोटांना? अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, तर मनगटाच्या बोगद्यातून जाणारी नस दाबली जाते आहे. त्याला कार्पल टनेल म्हणतात आणि ते प्रकरण अंगावर काढायचं नसतं. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर जास्तच जपायचं. करंगळीच्या बाजूला मुंग्या असतील, तर नसही दुसरी. मला मुंग्या नव्हत्या. मग अंगठा मुठीत घ्यायला लावून त्यांनी मनगट करंगळीकडे वाकवलं. मी जो आवाज काढला, त्यावरून निदान झालं: अंगठ्याकडे जाणारे स्नायूंचे दोर सुजले आहेत. स्वित्झर्लंडच्या द कर्व्हाँ नावाच्या सर्जनने १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखतात. त्या काळी आपण नव्हता. तेव्हा हे पातक एकट्या आपल्यावर लादता येत नाही, याचं मला वाईट वाटलं.

अंगठा धरून ठेवणारा पट्टा, बर्फ, गोळ्या आणि दोन आठवडे गाडी बंद. दोन आठवडे मी बसने गेलो आणि हात सुधारला. तिसऱ्या आठवड्यात आपली पुन्हा भेट झाली आणि गुरुवारी कळ परत आली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की तपासायचं राहिलंय ते दुसऱ्याच पेशंटला.

आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने आपल्याला दोन बोटांनी एकदा दाबलं, सोडलं आणि माझ्या पट्ट्याकडे बघितलं. म्हणाला, “दादा, हात ठीक आहे हो. वायर मेलीये.”

अकरा वर्षांत मी गाडीचं ऑइल बदललं, चेन घट्ट केली, सीटचं कव्हर दोनदा बदललं. आपल्यापासून इंजिनपर्यंत जाणारी ती काळी वायर मात्र मला फक्त धुतानाच दिसायची. त्याने ती सोडवून हातात दिली. वरच्या आवरणातून आतली तार ओढून पाहिली, तर ती वाळूतून ओढल्यासारखी खरखरत आली. टोकाच्या गोळ्याजवळ तारेचे तीन-चार पदर तुटून काट्यासारखे उभे राहिले होते आणि दर वेळी आवरणाला आतून ओरबाडत होते. वरून तिचा मार्गही चुकलेला. कधीतरी कोणीतरी हेडलाइट उघडताना ती हँडलच्या चुकीच्या बाजूने काढली होती, त्यामुळे एक जास्तीचं वळण पडलं होतं. वायरीला जितकी वळणं, तितकं तिचं घर्षण, आणि ते सरळ हिशोबाने नाही, चक्रवाढ व्याजाने वाढतं. इंजिनातल्या क्लच प्लेटा एकमेकींना चिकटवून धरणाऱ्या स्प्रिंगांचा जोर पहिल्या दिवशी होता तेवढाच होता. वरचा सगळा जोर मी वाळूशी कुस्ती खेळण्यात घालवत होतो. म्हणजे सहा महिने शेकायला हवं होतं ते वायरीला, आणि शेकलं मी मनगटाला.

नवी वायर दोन मिसळींच्या पैशांत आली. मी विचारलं, जुनीलाच तेल घालून चालेल का? तो म्हणाला, पदर तुटलेल्या वायरीला तेल घालणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडात गंगाजल. नवी मात्र वेळोवेळी वरच्या टोकाने सोडवून पातळ तेल थेंब थेंब सोडायचं, खालच्या टोकाला ते दिसेपर्यंत. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या वायरीत जाड ग्रीस कोंबायचं नाही, ते धूळ धरून बसतं. ग्रीस कुठे लावायचं, तर आपण ज्या बोल्टभोवती फिरता तिथे. तो बोल्ट काढला तेव्हा त्यावर अकरा पावसाळ्यांचा गंज होता. राव, आपण इतकी वर्षं सांधेदुखी सोसत होतात आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. या बाबतीत मी आपली जाहीर माफी मागतो.

माफी एवढ्यापुरतीच. आपण ज्या कोनात बसला होतात, त्याची माफी नाही. शोरूममधून आलात तेव्हापासून आपलं नाक वर, जमिनीला जवळजवळ समांतर. आपल्यावर बोटं टाकायची तर मला मनगट मागे मोडावं लागे, आणि मोडलेल्या मनगटात पकडीचा जोर राहत नाही. गॅरेजवाल्याने मला नेहमीसारखं गाडीवर बसवलं, हात सरळ लांब करायला लावले, पकडीचा नट सैल केला आणि आपल्याला खाली झुकवलं, कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ येईपर्यंत. दोन मिनिटांचं काम, तेही एका पान्यात. अकरा वर्षं आपण ताठ आणि मी वाकडा. हा कोन कोणी ठरवला होता?

आता जरा माझ्याही चुका. मी आपल्याला दोन बोटांनी दाबायचो, तर्जनी आणि मधल्या. कारण सिनेमातले लोक तसं करतात. पण ती दोन बोटं पडतात आपल्या बुडख्याजवळ, बोल्टच्या बाजूला. तरफेचा नियम सहावी-सातवीत शिकवला होता: टेकूपासून जितकं लांब दाबाल, तितका जोर कमी लागतो. टोकाकडच्या गोळ्याजवळ, चार बोटांनी दाबलं की तेच काम कमी कष्टात होतं. विज्ञानात मला पैकीच्या पैकी मार्क होते; माझा हा दोन बोटांचा प्रकार शाळेतल्या बाईंना कळला तर त्या ते परत घेतील.

दुसरी चूक सिग्नलची. आकडा नव्वदपासून खाली येत असतो आणि मी पहिला गिअर टाकून आपल्याला मुठीत आवळून उभा, जणू हिरवा दिवा माझ्या एकट्यासाठी लागणार आहे. नव्वद सेकंद आवळलेली मूठ म्हणजे मनगटाला दिलेली शिक्षा, आणि क्लच सोडवणाऱ्या आतल्या बेअरिंगलाही. न्यूट्रल नावाची सोय गाडीत पहिल्या दिवसापासून आहे. मागच्याचा हॉर्न वाजेपर्यंत ती वापरता येते, आणि पुण्यात मागच्याचा हॉर्न दिवा हिरवा व्हायच्या दोन सेकंद आधी वाजतो, त्यामुळे उशीर व्हायची भीती नाही. हाफ क्लचवर गाडी रांगवत नेणं हेही तसंच: पुढच्याने दोन हात जागा सोडली की आपण लगेच ती भरायची, ही आमची खोड. मी आता तीन-चार गाड्यांची जागा होऊ देतो आणि मग एकदाच जातो. त्या जागेत रिक्षा घुसतात. घुसू देत.

प्लेबद्दलही बोलून घेऊ. आपल्या टोकाला थोडी मोकळी हालचाल ठेवावी लागते. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात ती साधारण १० ते २० मिलिमीटर दिलेली असते. अजिबात नसेल तर प्लेटा घसरतात आणि जळतात, जास्त असेल तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर खडखडतो. क्लच हलका करून देतो म्हणत इंजिनातल्या स्प्रिंगा नरम टाकणारे महाभाग भेटतात. त्यांच्याकडे जायचं नाही, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी. जाड हातमोज्यांबद्दल लोक खूप बोलतात. मला त्यांनी फक्त घाम आणला.

आणि एक कौटुंबिक बातमी, जी आपल्याला आवडणार नाही. आपल्याशिवाय जग चालतं. १९५८ मध्ये होंडाने जपानात सुपर कब काढली, तिला आपल्यासारखा लिव्हरच नव्हता; क्लच आपोआप सुटायचा, डावा हात मोकळा. आमच्याच गावच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लूना आणली, तीही तशीच, आणि ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली तिने तर स्कूटरचे गिअरच घालवले. शहराची बरीच वाहतूक आज बिनगिअरच्या स्कूटरवर चालते आणि त्या चालवणाऱ्यांच्या बरण्या सहज उघडतात. मोठ्या मोटरसायकलींत असिस्ट क्लच आला आहे. त्यात इंजिनचाच जोर उतरत्या खाचांमधून प्लेटा दाबून धरतो, त्यामुळे आत हलक्या स्प्रिंगा चालतात आणि बोटांना कमी जोर लागतो. होंडाने तर ई-क्लच काढला: आपण शोभेला राहणार, काम मोटर करणार. म्हणजे आपण आता सत्कारमूर्ती होण्याच्या वयाला आलात.

तरी मी गाडी बदलणार नाही. त्याचं खरं कारण कर्जाचे हप्ते आहेत, पण लिहायचं तर आपल्यावरचं प्रेम असं लिहितो. तेव्हा यापुढे आपल्यात करार असा: दर दोन महिन्यांनी रविवारी सकाळी मी आपल्याला तेल घालीन. बदल्यात आपण सोमवार ते शुक्रवार गप्प बसायचं. नाक खालीच ठेवायचं.

नवी वायर बसून चार महिने झाले. पट्टा कपाटात आहे, काकांची स्प्रिंग त्यांच्या नातवाच्या खेळण्यांत गेली. काल लोणच्याची बरणी मी उघडली.

कळावे, लोभ नाही वाढला तरी चालेल.

आपला,
डाव्या हाताचा मालक

ता. क. हे पत्र खुलं असल्याने इतरही वाचतील. त्यांना एक विनंती: आज चावी लावण्याआधी, गाडी बंद असताना, क्लच दोनदा सावकाश दाबून बघा. खरखर लागली, किंवा सोडल्यावर तो लगेच जागेवर आला नाही, तर बाम नंतर आणा. आधी वायर बघा. पण बोटं बधिर होत असतील तर वायरीच्या नादी न लागता डॉक्टरांकडे जा.