केसपेपर गेला, ओटीपी आला

सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि आजारी माणसाला १४ आकडी ‘आभा’ क्रमांक मिळू लागला. भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, नाव-पत्ता आपोआप खिडकीपलीकडे जातो, मोबाइलवर टोकन येतं. केसपेपरच्या रांगेतून सुटका! सोय खरंच चांगली आहे. फक्त दवाखान्याची सर्वांत जास्त गरज ज्यांना, त्या आजोबांकडे बटणांचा फोन असतो आणि आधारला नंबर जोडलेला असतो पुण्यातल्या मुलाचा. ‘आभा’साठीचा ओटीपी हिंजवडीत वाजतो, मुलगा मीटिंगमध्ये, आजोबा खिडकीशी खोकत उभे. “बाबा, जरा बाजूला व्हा, मागच्यांना येऊ द्या.”

एक्स-रेची फिल्म संपली, की मोबाइलवर फोटो काढून घ्यायला सांगतात. ही डिजिटल क्रांतीची स्वस्त आवृत्ती. मोडलेलं हाड मग सूनबाईंच्या व्हॉट्सॲपवर ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांखाली गाडलं जातं.

खरी कमाल गावात. आशाताई गरोदर बाईची माहिती आधी रजिस्टरात लिहितात, मग तीच ॲपमध्ये भरतात. रेंज नसली तर टेकाडावर चढून. मानधन मात्र रेंज असूनही वेळेवर पोचत नाही, पण तो विषय ॲपच्या मेनूत नाही.

तेव्हा मंडळी, दवाखान्यात जाताना फोन चार्ज करून न्या. आणि जुन्या कागदांची पिशवीही बरोबर ठेवा, डॉक्टर आधी तीच मागतात.