मस्यो तात्या

निवृत्तीनंतर विद्यार्थी झालेला माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. कुर्ला पूर्वेला, नेहरूनगरात, आमच्या वाट्याला तात्या आले आहेत. हार्मोनियम झाली, होमिओपॅथी झाली, आता फ्रेंच. पहाटे दूधवाल्याला ते 'बोंझूर' म्हणतात. तो 'अर्धा लिटरच ना?' म्हणतो.

निमित्त नातीचं. मुलगा माँट्रियलला असतो आणि क्युबेक प्रांताच्या १९७७च्या भाषा-कायद्यामुळे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना बहुतेक करून फ्रेंच शाळेतच जावं लागतं. नात व्हिडिओ कॉलवर फ्रेंचमध्ये गोष्टी सांगायला लागली. तात्यांनी महिनाभर नुसत्या टाळ्या वाजवल्या, मग वही आणली.

तेव्हापासून गॅलरीतून 'झ स्वी, त्यु ए, इल ए' ऐकू येतं. चाल रामरक्षेची. 'ते बोलतात' या क्रियापदाची शेवटची तीन अक्षरं लिहायची पण उच्चारायची नाहीत, याचं तात्यांना जराही नवल वाटलं नाही. "आमच्या ऑफिसात हेच होतं. हजेरीपटावर तिघं, जागेवर कोणी नाही!" नव्वदला फ्रेंच माणूस 'चार वीस दहा' म्हणतो, यावर तर ते खूशच झाले. त्यांची आजी गावी आंबे असेच विसांनी मोजायची. तिला उगाच अडाणी म्हटलं, असं ते आता म्हणतात.

घोडं अडलं ते लिंगावर. फ्रेंचमध्ये टेबल बाई आणि पुस्तक पुरुष. आपलं सोयीचं नपुंसकलिंग तिथे नाहीच. मग आपलं कुर्ला काय, 'ल' की 'ला'? गावाचं नाव कुर्लीवरून पडलं म्हणतात. ती मराठीत बाई, पण फ्रेंच खेकडा पुरुष. तात्या हा प्रश्न थेट मासळीबाजारात घेऊन गेले. कोळीणबाईंनी एक कुर्ली उचलली, उताणी केली आणि पोटावरची झडप दाखवली. "रुंद असली की मादी, निमुळती असली की नर. त्यात विचारायचं काय?" तात्यांनी घरी येऊन डायनिंग टेबलाखाली वाकून पाहिलं म्हणे. हे मला काकूंनी सांगितलं, आणि काकू वाढवून सांगत नाहीत.

स्टेशनच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत 'पारदों, मस्यो' म्हणून वाट मागण्याचा प्रयोगही झाला. तीन लोकल गेल्या. शेवटी "ओ, सरका की!" म्हटल्यावर पूल मोकळा झाला.

परवा मात्र तात्या खरंच दुखावले. नातीला त्यांनी अख्खं वाक्य बिनचूक विचारलं आणि तिने उत्तरात त्यांना चक्क 'त्यु' म्हटलं. त्यु म्हणजे तू! 'वू', म्हणजे तुम्ही, हा शब्द असताना? मुलाने समजावलं, की तिकडे आजोबांना तूच म्हणतात, त्यात अपमान नाही, माया आहे. तात्या गप्प.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "या घरात मला सगळे तूच म्हणतात. मी कुठे क्लास लावला?"

तात्यांनी वहीत 'त्यु'समोर बरोबरची खूण केली.